बर्फ वितळताना थर्मामीटर शून्यावर थांबत नाही, पाणी ९७ लाच उकळतं. आलेख सपाट कसा आणायचा?

वर्ग_दहावी_पुणे (प्रश्न)

दहावीच्या विज्ञान भाग १ मधल्या 'उष्णता' धड्यातला बर्फ तापवण्याचा प्रयोग बसवतोय. साहित्य असं: २५० मिलीचा बीकर, फ्रीजरमधले बर्फाचे खडे अंदाजे १०० ग्रॅम, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा. −१० ते ११० अंशांचा पाऱ्याचा थर्मामीटर स्टँडला लावलाय, फुगा (पारा भरलेलं टोक) बीकरच्या तळापासून जेमतेम वर. वाचनं दर मिनिटाला.

सुरुवात −४ ला झाली, पहिल्या मिनिटाला ०, मग १, ३, ५, ६, ६. सातव्या मिनिटाला बर्फ संपला, पण त्याआधी खडे वर तरंगत असताना पारा चक्क ६ वर होता. पुढे ११ मिनिटांनी उकळी आली. पारा ९७ वर थांबला आणि मध्येच एकदोनदा ९९ पर्यंत जाऊन धाडकन पाणी उसळलं. पुस्तकातल्या आलेखात दोन सरळ आडव्या रेषा आहेत, आमच्या आलेखात पहिली रेषा चढ आहे आणि दुसरी १०० च्या खाली.

दुसरा प्रयोग कॅलरीमापीचा, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्याचा. तांब्याचा कॅलरीमापी ढवळणीसकट १०० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम ३५ अंशांचं, खोली २८ अंश. बर्फ २९ ग्रॅम टाकला (टाकून झाल्यावर वजनातल्या फरकावरून काढलं), शेवटचं तापमान २१.७. अप्रकट उष्मा (तापमान न बदलता ग्रॅमभर बर्फ वितळायला लागणारी उष्णता) आला ७४ कॅलरी प्रति ग्रॅम, हवा ८०. दरवेळी ७३ ते ७६ च्या मध्येच येतो, वर कधी जात नाही.

शिवाय मुलांचा प्रश्न आहेच: पारा हलत नाही, मग दिव्याची उष्णता जाते कुठे? 'कण सुटे करायला' हे उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो, मग बर्फाचं पाणी व्हायला ग्रॅमला ८० कॅलरी आणि पाण्याची वाफ व्हायला ५४०, असा एवढा फरक का.

---

बीकर_आणि_तिवई

पहिल्या आलेखात थर्मामीटरची चूक नाही, फुग्याच्या जागेची आहे. थर्मामीटर बीकरचं तापमान सांगत नाही, फुगा जिथे आहे तिथलं सांगतो.

तुमच्या मांडणीत आच खालून, बर्फ वर तरंगता आणि फुगा तळाशी. एरवी खालचं पाणी तापलं की हलकं होऊन वर येतं आणि आपोआप मिसळतं. पण ० ते ४ अंशांच्या टापूत पाणी उलटं वागतं, तापताना जड होतं. त्यामुळे ४ अंशांचं पाणी तळाशीच बसून राहतं आणि शून्याचं पाणी बर्फाला चिकटून वर. ४ च्या पुढे ते हलकं व्हायला लागतं, पण शून्याच्या पाण्याइतकं हलकं व्हायला त्याला साधारण ८ अंशांपर्यंत जावं लागतं. म्हणजे न ढवळलेल्या बीकरमध्ये वर बर्फ तरंगत असताना तळाला ६ अंश दिसणं हे अगदी रास्त आहे. तुमची वाचनं खोटी नाहीत, फक्त ती बर्फाची नाहीत.

करायचं असं. बर्फ जाड कापडात गुंडाळून बत्त्याने हरभऱ्याएवढा बारीक करा. त्यात आधीच बर्फात ठेवून गार केलेलं ४०-५० मिली पाणी घाला, म्हणजे खड्यांमधली हवा जाऊन फुग्याला सगळीकडून पाणी-बर्फ लागेल. (नुसत्या कोरड्या खड्यांत फुगा खोचला तर तो बराचसा खड्यांमधल्या हवेचं तापमान दाखवतो. तुमची −४ ची सुरुवात त्यातलीच. फ्रीजरमधला खडा −१५ ते −१८ चा असतो.) फुगा मिश्रणाच्या मध्यावर, तळापासून निदान दोन सेंटीमीटर वर. काचेच्या कांडीने सतत ढवळायचं. थर्मामीटरनेच ढवळायचा मोह होतो, तो टाळा, फुग्याची काच कागदासारखी पातळ असते. ज्योत लहान ठेवा. मोठ्या ज्योतीला ढवळणं पुरं पडत नाही.

एवढं केलं की ०, ०, ०, ०.५ अशी ओळ येते. बर्फ पाव भागाखाली गेला की शेवटच्या मिनिटाला १-२ अंश चढ दिसेलच. तो पुसून शून्य लिहायला लावू नका. थोड्या उरलेल्या बर्फाला सगळ्या पाण्याची उष्णता वेळेत शोषता येत नाही, हेच त्यातून शिकवता येतं.

आणि प्रयोगाआधी थर्मामीटरचा शून्य तपासून घ्या. थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ, फटी भरतील इतकंच गार पाणी, थर्मामीटर शून्याच्या खुणेपर्यंत आत, दहा मिनिटं थांबा. शाळेच्या थर्मामीटरला अर्धा-एक अंशाची खोट असणं नेहमीचं. जी असेल ती कागदाच्या पट्टीवर लिहून दोऱ्याने वरच्या कडीला बांधून ठेवा.

---

उंचीवरचा_उत्कलनांक

उकळीचा भाग मी घेतो.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे शुद्ध पाणी ९८.१ अंशांनाच उकळणार. १०० कधीच यायचं नाही, आणि आलं तर थर्मामीटर चुकलाय असं समजा. ढोबळ हिशेब: दर ३०० मीटरला एक अंश कमी. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास, लेहला ८८. मुंबईच्या किनाऱ्यावर मात्र पुस्तकातला १०० मिळतो.

मग उरलेला एक अंश कुठे गेला? तो दांडीत. बहुतेक जुने पाऱ्याचे थर्मामीटर 'पूर्ण बुडवून' वाचण्यासाठी आखलेले असतात. तुमचा फुगा ९८ मध्ये आहे, पण पाऱ्याची दांडी बाहेर, ३५ अंशांच्या आसपासच्या हवेत. तो बाहेरचा पारा थंड म्हणून आखडलेला. दुरुस्ती = ०.०००१६ × बाहेर असलेल्या पाऱ्याच्या स्तंभाची लांबी (अंशांत) × (वाचन − दांडीभोवतालचं तापमान). ९० अंशांचा स्तंभ बाहेर असेल तर ०.०००१६ × ९० × ६२, म्हणजे ०.९. तुमचे ९७ आणि हे ०.९ मिळून ९७.९. खऱ्या किमतीपासून पाव अंशाच्या आत. एक अंशाच्या आखणीवर याहून चांगलं वाचन मागू नये.

लाल द्रवाच्या थर्मामीटरला हीच चूक सहापट मोठी असते, कारण तो द्रव पाऱ्याच्या कितीतरी पट प्रसरण पावतो. दांडीवर बुडवण्याची रेघ आखलेली असेल तर त्या रेघेपर्यंतच बुडवा, मग ही दुरुस्ती लागत नाही. लाल द्रवाचा स्तंभ मध्येच तुटलेला नाही ना, हेही बघून घ्या. तुटलेल्या स्तंभाने सगळा वर्ग चार अंश चुकीचं लिहितो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता ती उसळी. गुळगुळीत काचेच्या बीकरमध्ये बुडबुडा धरायला जागाच नसते, म्हणून तळाचं पाणी उत्कलनांकाच्या वर जाऊनही द्रवच राहतं आणि मग एकदम वाफ होतं. ९९ वर जाऊन धाडकन उडालं ते हेच. उपाय साधा: फुटक्या कपाचे, न चकाकणारे दोनचार तुकडे गार पाण्यातच टाका. उकळत्या पाण्यात टाकाल तर तुकडे पडताक्षणी पाणी उतू जाईल आणि हात भाजेल. एकदा वापरलेले तुकडे दुसऱ्या वेळी उपयोगी नाहीत, त्यांच्या छिद्रांत पाणी भरलेलं असतं. वाळवून पुन्हा चालतात.

उत्कलनांक अचूक हवा असेल तर फुगा पाण्यात ठेवूच नका, पाण्याच्या किंचित वर वाफेत ठेवा. चंबूला दोन भोकांचं बूच, एकातून थर्मामीटर, दुसऱ्यातून वाफ जायला उघडी नळी. नळी कधीही बंद नसावी. वाफेतला फुगा ओला होतो, त्यावर पाणी आणि वाफ दोन्ही एकमेकांशी जुळवून असतात, म्हणून वाचन स्थिर येतं. पाण्यात मीठ असलं तरी तिथे जवळपास शुद्ध पाण्याचाच उत्कलनांक मिळतो. मिठाच्या पाण्यात फुगा ठेवला तर एका लिटरला ५८ ग्रॅम मिठामागे साधारण एक अंश जास्त.

विरघळलेल्या पदार्थाने रेषा चढती होते याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोल्हापूरच्या गुऱ्हाळात आहे. उसाचा रस उकळत असतो आणि तापमान वाढतही असतं. काकवी १०५-१०६ च्या आसपास उतरवतात, गुळाला ११५ च्या पुढे जावं लागतं. पाणी उडून जातं, साखरेचं प्रमाण वाढतं, उत्कलनांक वर सरकतो. तिथे आडवी रेषा मिळणारच नाही.

---

मिश्रणपद्धत

कॅलरीमापीच्या ७४ बद्दल. उत्तर सतत एकाच बाजूला चुकतंय, म्हणजे हाताची चूक नाही, पद्धतीतली आहे. बर्फ पुसला का?

आकडे मांडून बघू. कॅलरीमापी १०० ग्रॅम तांबं, विशिष्ट उष्मा ०.०९, म्हणजे ९ ग्रॅम पाण्याएवढा. गमावलेली उष्णता = २०९ × (३५ − २१.७) = २७८० कॅलरी. त्यातून वितळलेलं पाणी ० पासून २१.७ पर्यंत तापायला २९ × २१.७ = ६२९ गेले. उरले २१५१, भागिले २९ म्हणजे ७४.

आता समजा त्या २९ ग्रॅममध्ये २७ ग्रॅमच बर्फ होता आणि २ ग्रॅम अंगावरचं पाणी. ते आधीच वितळलेलं, त्याने ८० कॅलरी घेतल्याच नाहीत, पण वजनात मोजलं गेलं. ८० × २७ ÷ २९ = ७४.५. तुमचं उत्तर. दोन ग्रॅम म्हणजे चमचाभरही नाही, आणि उत्तर ७ टक्क्यांनी पडतं.

म्हणून: वितळायला लागलेले, म्हणजे शून्यालाच असलेले खडे घ्या, टिपकागदाच्या दोन घड्यांत दाबून कोरडे करा, चिमट्याने उचला, लगेच टाका. बोटांनी धरू नका. एकेक खडा टाकून ढवळायचं, आधीचा संपत आला की पुढचा. ढवळणीची जाळी बर्फावर ठेवून तो पाण्याखाली दाबून ठेवा. तरंगता राहिला की वरच्या बाजूने हवेची उष्णता खातो.

काही जण कोरडा बर्फ हवा म्हणून फ्रीजरमधला खडा थेट टाकतात. मग चूक उलट दिशेने होते. −१८ चा बर्फ आधी शून्यापर्यंत यायला ग्रॅमला ९ कॅलरी घेतो, उत्तर ८९ येतं. तांब्याचे ९ ग्रॅम हिशेबात विसरलात तर ७५-७६. या तीन चुका एकत्र झाल्या तर उत्तर योगायोगाने ८० च्या जवळही येऊ शकतं, तेव्हा ८० आलं म्हणून प्रयोग बरोबर झाला असं नाही.

सुरुवातीचं तापमान ३५ आणि खोली २८, हे तुम्ही बरोबर घेतलंय. खोलीपेक्षा ७ वर सुरू करून ७ खाली संपवलं की पहिल्या अर्ध्यात बाहेर गेलेली उष्णता दुसऱ्या अर्ध्यात जवळपास परत येते. कोरडा बर्फ २९ ग्रॅम घेतला तर शेवट बरोबर २१ वर यायला हवा, पडताळून बघा. १५० ग्रॅम पाणी आणि तेवढाच बर्फ घेतला तर मात्र हा तोल जातो.

---

दोन_फडताळं

मुलांच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून.

'उष्णता' आणि 'तापमान' यांना आधी वेगळ्या फडताळांत ठेवायला हवं. तापमान कणांच्या हालचालीच्या सरासरी ऊर्जेशी बांधलेलं असतं. कणांमधली ओढ सैल करायला लागणारी ऊर्जा ही स्थितिज, ती थर्मामीटरला दिसत नाही. शून्याच्या बर्फाचे आणि शून्याच्या पाण्याचे कण सरासरी सारख्याच जोमाने हलत असतात, फक्त पाण्यातली बांधणी मोडकळीला आलेली असते. दिव्याची उष्णता त्या मोडण्यात जाते. आणि ती हरवत नाही. पाणी पुन्हा गोठलं की तेवढीच, ग्रॅमला ८०, बाहेर येते. मुलांना हा परतीचा भाग दाखवल्याशिवाय 'उष्णता गेली कुठे' हे पटत नाही.

८० आणि ५४० चा फरक: वितळताना कण एकमेकांना सोडत नाहीत, जागा बदलायला मोकळे होतात एवढंच. पाण्यातही प्रत्येक कणाभोवती शेजारी असतातच. वाफेत मात्र शेजारी जवळपास उरतच नाहीत, १ ग्रॅम पाणी १ घनसेंटीमीटरवरून सुमारे १६७० घनसेंटीमीटर होतं. सगळे बंध तोडायचे म्हणून खर्च मोठा. त्यातही ५४० पैकी सुमारे ४० कॅलरी बंध तोडण्यात जात नाहीत, भोवतालची हवा ढकलून एवढी जागा करण्यात जातात.

आलेखावर वेळेची गुणोत्तरं मोजायला लावा, पारा बघत बसण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. आच एकसारखी धरली तर १०० ग्रॅमसाठी वितळायला ८ भाग वेळ, ० ते १०० जायला १० भाग, आणि पूर्ण आटायला ५४ भाग. तुमची ७ आणि ११ मिनिटं बघा. ८ ला १० या हिशेबाने ७ ला पावणेनऊ हवीत, लागली ११, कारण तापलेला बीकर हवेला उष्णता देत बसतो. झाकण ठेवून पुन्हा केलं तर फरक कमी होईल.

हेच वेळ मोजण्याचं तंत्र ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात वापरलं. एकाच खोलीत दोन सारखी भांडी टांगली, एकात गोठणबिंदूच्या जेमतेम वरचं पाणी, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस अर्धे तास. २१ × ७ = १४७, त्यातले ८ तापण्यात गेले, उरले १३९ अंश 'लपलेले'. सेल्सिअसमध्ये ते ७७ कॅलरीच्या जवळ जातात. ना विजेची शेगडी, ना तराजूची करामत. एक खोली आणि घड्याळ. शाळेत दोन प्लास्टिकच्या वाट्या टांगून करता येतो, दिवसभर ठेवला तरी काही बिघडत नाही. फक्त पंखा बंद.

वाफेची ताकद मुलांना सांगायची तर: १०० अंशांची १ ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होऊन ३७ ला येईपर्यंत ५४० + ६३ = ६०३ कॅलरी देते. तेवढंच उकळतं पाणी फक्त ६३. मोदकपात्राचं झाकण उघडताना ते आपल्यापासून पलीकडे कललेलं असावं ते याचसाठी.

---

फॉलोअप_किनारा

पुण्यात ठीक आहे. रत्नागिरीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कॅलरीमापीला बाहेरून घाम फुटतो आणि उत्तर ६०-६५ येतं. बर्फ अगदी कोरडा घेतला तरी.

---

मिश्रणपद्धत

घामच कारण आहे. पावसाळ्यात कोकणात दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो आणि तुम्ही कॅलरीमापी २१ वर नेताय. हवेतली वाफ त्याच्या अंगावर पाणी होते आणि आपला अप्रकट उष्मा तांब्याला देऊन जाते. त्या तापमानाला तो ग्रॅमला सुमारे ५८५ कॅलरी असतो. २९ ग्रॅम बर्फावर हिशेब केला तर १ ग्रॅम दवामागे उत्तर २० ने कमी. ६० यायला ग्रॅमभर दव पुरे. जमलेलं दव शेवटी वजनात धरलं गेलं तर बर्फाचं वजनही खोटं वाढतं, ते वेगळंच.

तुमच्याकडे दवबिंदूच्या खाली जायचंच नाही. खोली ३० असेल तर पाणी ३४ ला घ्या, शेवट २६ वर ठेवा, बर्फ फक्त १६ ग्रॅमच्या आसपास लागेल. तापमानाचा फरक ८ च अंश, म्हणून थर्मामीटर अर्ध्या अंशाच्या आखणीचा नको, ०.२ अंशाच्या आखणीचा हवा. कॅलरीमापीबाहेर थर्माकोलचं घट्ट आवरण ठेवा, मधल्या फटीत ओली हवा खेळता कामा नये. हे जमत नसेल तर प्रयोग जानेवारीत घ्या, तेव्हा सगळं सोपं असतं.

---

गॅसचार्जिंग

धडा दहावीचा असला तरी आमचा धंदा याच आडव्या रेषेवर चालतो म्हणून लिहितो. एसीच्या गार कॉइलमध्ये गॅस उकळत असतो. जोवर आत लिक्विड आहे तोवर कॉइलच्या सुरुवातीपासून पुढेपर्यंत तापमान एकच. लिक्विड संपलं की त्याच क्षणी पाईपचं तापमान वर चढायला लागतं. ती चढण मोजूनच गॅस कमी की जास्त ते ठरतं.

आर-२२ (एसीतल्या गॅसचा एक प्रकार) च्या जुन्या मशीनला सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या बाजूचा गेज ७० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवत असेल तर आत उकळण्याचं तापमान ५ अंश. कॉम्प्रेसरजवळच्या सक्शन पाईपवर क्लॅम्पचा थर्मामीटर लावा, वर फोमचा तुकडा बांधा. ११-१२ आलं तर ६-७ अंशांची चढण, ठीक. गेज खाली आणि पाईप २० वर, तर लिक्विड कॉइलमध्ये अर्ध्यातच संपतंय: गॅस कमी आहे किंवा कॉइलला लिक्विड सोडणारी बारीक नळी, कॅपिलरी, चोक. पाईपही ५ च आणि कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत घाम, तर लिक्विड उकळून संपलंच नाही, ते कॉम्प्रेसरमध्ये शिरतंय, व्हॉल्व्ह जाणार. आर-३२ ला त्याच ५ अंशांना १२३ पीएसआय लागतो, म्हणून एका गॅसचा आकडा दुसऱ्याला लावून चार्जिंग करणारा माणूस परत पाठवा.

आर-४०७सी हे तीन गॅसचं मिश्रण, त्याची रेषा आडवी नसते, उकळताना पाच-सहा अंश चढते. म्हणून त्याच्या दाब-तापमानाच्या तक्त्यात दोन रकाने असतात आणि सिलिंडरमधून ते लिक्विड रूपातच भरावं लागतं, नाहीतर हलका भाग आधी निघून मिश्रण बिघडतं.

एसीचा 'टन' हाही बर्फाचाच हिशेब. २००० पाउंड, म्हणजे ९०७ किलो पाण्याचा २४ तासांत बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते तो १ टन, ३.५ किलोवॉट. ९०७ × ३३४ किलोज्यूल भागिले ८६,४०० सेकंद, मुलांकडून करून घ्या. पावसाळ्यात दीड टनाचा एसी तासाला दोन लिटर पाणी टाकत असेल तर त्याच्या सव्वापाच किलोवॉटपैकी जवळजवळ १.४ वाफेचं पाणी करण्यातच गेले, त्याने खोली एक अंशही गार झाली नाही. (कोरडी झाली, ते सुख वेगळं.) गिऱ्हाईक म्हणतं 'थंड करत नाही', आणि मशीनमध्ये काही बिघाड नसतो.

---

वर्ग_दहावी_पुणे

बारीक बर्फ, गार पाणी, ढवळणं, फुगा मध्ये: पाच वाचनं ० आणि ०.५ च्या आत आली. टिपकागदाने पुसलेल्या बर्फाचं उत्तर ७९. कपाचे तुकडे टाकल्यावर उसळी नाही.

परतीचा भाग दाखवायचा म्हणतोय, गोठताना उष्णता बाहेर येते तो. मेण वितळवून थंड केलं तर आडवी रेषा मिळतच नाही, नुसता उतार थोडा मंदावतो. डांबराच्या गोळ्या पुस्तकात ८० अंश सांगतात, बाजारातल्या ५३ ला वितळल्या.

---

बीकर_आणि_तिवई

मेण म्हणजे लहानमोठ्या साखळ्यांचं मिश्रण, प्रत्येक वेगळ्या तापमानाला गोठते, म्हणून रेषा आडवी होत नाही. आर-४०७सी चंच दुखणं. ५३ ला वितळलेल्या गोळ्या नॅप्थलीनच्या नाहीत, पॅराडायक्लोरोबेंझिनच्या आहेत. ओळखायचं तर मिठाचं संतृप्त द्रावण करा: नॅप्थलीनची गोळी त्यात तरंगते, दुसरी बुडते. कोणतीही असली तरी वर्गात वाफ नको, आणि नॅप्थलीनची वाफ पेटतेही. गोळ्यांचा नाद सोडा.

हायपो घ्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक. फोटोच्या जुन्या रसायनांच्या दुकानात किंवा शाळेला रसायनं पुरवणाऱ्याकडे मिळतात. द्रवणांक ४८ अंश. धुऊन वाळवलेल्या परीक्षानळीत २० ग्रॅम, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा. नळीच्या भिंतीवर वर चिकटलेला एकही कण राहता कामा नये, लागलं तर काढण्याआधी नळी वरपर्यंत गरम पाण्यात बुडवा. तोंडाला कापूस. मग स्टँडला लावून न हलवता गार होऊ द्या. ४८ येईल, जाईल, काही होणार नाही. ३० पर्यंत द्रवच राहतो. खोली ३८ ची असेल, विदर्भात मार्चनंतर असतेच, तर नळी गार पाण्यात धरा.

थर्मामीटर आधीपासून आत हवा, तोही वितळवतानाच घातलेला, कारण कोरडा थर्मामीटर नंतर घातला तर त्यावरच्या धुळीनेच सगळं गोठून बसतं. आता हायपोचा एकच बारीक स्फटिक वरून टाका. त्याच्यापासून सुया फुटत खाली जातात आणि पारा ३० वरून चढत ४७-४८ ला येऊन थांबतो. खाली दिवा नाही, शेगडी नाही. त्या वेळी जेमतेम पाचवा भागच गोठलेला असतो. उरलेला चार पंचमांश गोठेपर्यंत पारा तिथेच, आणि ती तुमची आडवी रेषा, उलट्या दिशेची. वाचनं इथे दर मिनिटाला नको, चढताना दर दहा सेकंदाला घ्या, चढण पाहता पाहता संपते.

थर्मामीटर गोठलेल्या हायपोतून ओढून काढू नका, फुगा आत राहील. नळी पुन्हा गरम पाण्यात, वितळल्यावर काढायचा. तोच हायपो झाकून ठेवला तर पुढच्या तुकडीलाही चालतो. उघडा ठेवून त्यातलं पाणी उडालं तर मात्र द्रवणांक सरकतो, तो टाकून द्यावा लागतो.